जंगल तुटल्यावर उपग्रह म्हणतो ८ अंश, तापमापक म्हणतो १ अंश. धरायचं कोणाचं?

उन्हाळझळ (धागाकर्ता)

उष्ण कटिबंधातला एक पट्टा आहे. पूर्वी सलग जंगल होतं, आता निम्म्या भागावर शेती आहे. पिकं निघून गेल्यावरच्या कोरड्या दिवसांत अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाचा दुपारचा भूपृष्ठ तापमानाचा डेटा पाहिला, तर उघडी शेतं उरलेल्या जंगलापेक्षा साधारण ८ अंशांनी गरम दिसतात. दोन्हीकडच्या हवामान केंद्रांवर हवेच्या तापमानातला फरक मात्र जेमतेम १ अंश. पहिला प्रश्न हा.

दुसरा: उघडी जमीन रंगाने फिकी, म्हणजे ऊन जास्त परत फेकणारी. मग ती थंड का नाही?

तिसरा: "जंगल गेलं म्हणून पाऊस गेला" असं अहवालात लिहा, असा आग्रह चालू आहे. हाताशी दहा वर्षांच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी आहेत. लिहावं का?

कोरडवाहू

दुसऱ्यापासून सुरू करतो, त्यात पहिल्याचं अर्धं उत्तर आहे.

जमिनीला मिळालेली निव्वळ ऊर्जा तीन वाटांनी जाते: हवा तापवण्यात, पाण्याची वाफ करण्यात आणि थोडी मातीत. दिवस-रात्र मिळून पाहिलं तर मातीचा हिस्सा जवळपास शून्य धरायला हरकत नाही. १ मिलिमीटर पाणी उडणं म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर, त्याला लागतात सुमारे २.४५ मेगाज्यूल. दिवसभरावर पसरलं तर २८ वॅट. हा २८ चा आकडा पाठच करून ठेवा.

आता ढोबळ हिशोब. जंगलाची निव्वळ ऊर्जा दिवसाच्या सरासरीने १५० वॅट धरू. खोल मुळं कोरड्या दिवसांतही पाणी ओढतात, म्हणून रोज ४ मिलिमीटर बाष्पोत्सर्जन (झाडांतून आणि जमिनीतून वाफ होऊन जाणारं पाणी) धरू. त्यात ११२ वॅट गेले, हवा तापवायला उरले ३८.

शेत उघडं पडलं. अल्बेडो, म्हणजे आलेल्या उन्हातला परत फेकला जाणारा हिस्सा, ०.१३ वरून ०.२० झाला. सरासरी ऊन २२० वॅट असेल तर १५ वॅट जास्तीचे परत गेले. तुमचं म्हणणं इथवर बरोबर आहे. जमीन तापली की तिच्यातून अवरक्त किरणंही जास्त निघतात, दर अंशाला सुमारे ६ वॅट. दिवसाच्या सरासरीत २ अंशांची वाढ धरली तर आणखी १२ गेले. उरले १२३. पण बाष्पीभवन आता जेमतेम १ मिलिमीटर, म्हणजे २८ वॅट. हवेच्या वाट्याला ९५.

म्हणजे आत आलेली ऊर्जा कमी झाली, तरी हवा तापवणारा हिस्सा अडीचपट झाला. फिक्या रंगाचा फायदा पाण्याच्या तोट्याने गिळला. आधीचं आच्छादन किती पाणी उडवत होतं हे न पाहता नुसत्या अल्बेडोवरून निष्कर्ष काढणारे इथेच फसतात.

वातकुक्कुट

पहिल्या प्रश्नात तिसरा घटक आहे, तो वरच्या प्रतिसादात सुटलाय: पृष्ठभागाचा खडबडीतपणा. जंगलाचा शेंडा उंचसखल असतो, वारा त्यावर अडखळतो, भोवरे होतात आणि उष्णता झटकन वर जाते. सपाट शेतावरून वारा घसरून जातो, उष्णता जमिनीलाच चिकटून राहते.

पृष्ठभाग आणि हवा यांच्या तापमानातला फरक = हवेत जाणारी उष्णता × वायुगतिक रोध ÷ १२००. (रोध म्हणजे उष्णता वर जायला होणारा अडथळा, सेकंद प्रति मीटरमध्ये, १२०० म्हणजे एक घनमीटर हवा एक अंश तापवायला लागणारे ज्यूल.)

भर दुपारचे आकडे घाला. जंगल: १५० वॅट, रोध १२, फरक १.५ अंश. उघडं शेत: २५० वॅट, रोध ४०, फरक ८.३ अंश. दोन्हींत ६.८ चं अंतर. त्यात हवेतला तुमचा १ अंश मिळवा, झाले जवळपास ८. रोधाचे आकडे नमुन्यादाखल आहेत, वाऱ्यावर बरेच हलतात. पण तुमच्या डेटात विसंगती नाही हे यातून कळतं. उपग्रह जंगलाच्या शेंड्याची आणि शेताच्या ढेकळांची त्वचा मोजतो, तापमापक हवा मोजतो. शिवाय ती हवा दुपारी एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते आणि शेजारच्या पट्ट्यातलीही मिसळते, म्हणून तिथला फरक पातळ होतो.

माणसाला काय जाणवेल हे सांगायचं असेल तर हवेचा आकडा द्या. पृष्ठभागाचा ८ "तापमानवाढ" म्हणून छापला तर ती दिशाभूल आहे.

तुलनेआधी एवढं तपासा:

– उंची. १०० मीटरला सुमारे ०.६५ अंश. जंगल बहुधा डोंगरावरच उरलेलं असतं, त्यामुळे ही चूक फार सर्रास होते.
– उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग अवरक्त किरणं किती पुरेपूर सोडतो ते. दाट पालवीची ०.९८ च्या वर, कोरड्या उघड्या मातीची कमी. ०.०२ ची गफलत म्हणजे साधारण एक अंश.
– पिक्सेल १ किलोमीटरचा आहे. काठावरचे मिश्र पिक्सेल काढून टाका.
– मोडिसला ढगाखालचं दिसत नाही, म्हणजे तुमची सरासरी फक्त निरभ्र दिवसांची आहे.
– अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या सुमारास जायचा. अलीकडच्या वर्षांत त्याची वेळ पुढे सरकत गेली आहे. ती वर्षं जुन्या वर्षांशी थेट जोडू नका.
– केंद्र. तापमापक १.२५ ते २ मीटर उंचीवर, किरणरोधक आवरणात, दोन्हीकडे गवतावर. एक झाडाखाली आणि एक उघड्यावर असेल तर तुम्ही सावली मोजताय.

आणि रात्रीचाही डेटा काढा. उघडी जमीन रात्री लवकर निवते, त्यामुळे दिवस-रात्रीतला फरक वाढतो. फक्त दुपार पाहिली तर परिणाम फुगून दिसतो.

हिमरेषा

वरचं सगळं पटलं, पण ते उष्ण कटिबंधापुरतं. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत पारडं फिरतं. ताज्या बर्फाचा अल्बेडो ०.८ च्या वर, त्यातून डोकं काढणाऱ्या गडद जंगलाचा ०.१५ च्या आसपास. तिथे बाष्पोत्सर्जन कमी, बर्फ अनेक महिने. म्हणून साधारण ४५ अंश अक्षांशाच्या उत्तरेला उघडी जमीन वर्षाच्या सरासरीत शेजारच्या जंगलापेक्षा थंड भरते. (कार्बनचा हिशोब वेगळा.) "झाडं म्हणजे गारवा" हे वाक्य अक्षांश न सांगता लिहू नये.

ओलिताबद्दलही एक. शेतीला पाणी दिलं की हवा थंड होते, पण दमटही होते. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना वेट-बल्ब तापमान (ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक दाखवतो ते) सुमारे २३. पाण्याने हवा ३६ वर आली आणि आर्द्रता ४५ टक्के झाली, तर वेट-बल्ब २६ च्या वर. तापमापक ४ अंश उतरला आणि घाम वाळणं उलट अवघड झालं. अहवालात ओलिताखालची शेतं असतील तर आर्द्रतेचा रकाना हवाच.

दवबिंदू

पावसाचं: दहा वर्षांच्या नोंदींवर लिहू नका. वर्षावर्षातला चढउतारच एवढा असतो की तीस वर्षंही कधीकधी अपुरी पडतात.

शिवाय दिशा गृहीत धरू नका, ती तोडीच्या आकारावर ठरते. ब्राझीलच्या रोंडोनिया भागात रस्त्यांच्या कडेने माशाच्या काट्यासारखी तोड झाली. तोड काही किलोमीटरच्या तुकड्यांत असताना, तापलेल्या उघड्या जमिनीवर हवा वर चढून तिथेच उथळ ढग जास्त दिसत. तोड पसरून सलग झाल्यावर खडबडीतपणातला फरक वरचढ ठरू लागला आणि कोरड्या ऋतूत पाऊस तोडीच्या, वारा येतो त्या बाजूला घटून वारा जातो त्या बाजूला वाढलेला आढळला.

पश्चिम ऑस्ट्रेलियात सशांना अडवायला घातलेलं कुंपण १९०७ मध्ये पुरं झालं. त्याच्या एका बाजूला गहू, दुसरीकडे मूळची झुडपं. ढग झुडपांच्या बाजूला जास्त धरतात, कारण ती गडद आणि खडबडीत. इथे उघड्या जमिनीवर नाही, झाडोऱ्यावर. एकच सूत्र दोन्हीकडे चालत नाही ते असं.

मोठ्या प्रमाणावरची गोष्ट बाष्पाच्या पुनर्वापराची. अ‍ॅमेझॉनमध्ये समुद्रापासून आत जाताना पावसातले जड समस्थानिक (पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनचे जास्त वजनाचे अणू) अपेक्षेइतके घटत नाहीत. तेच पाणी जंगलातून पुन्हा पुन्हा वर जात असल्याची ती खूण. ब्राझीलचे शास्त्रज्ञ सालाती आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हे दाखवलं. तिथला जवळपास निम्मा पाऊस असा फिरून येतो असा त्यांचा अंदाज होता. त्यामुळे तुटीचा शोध तोडीच्या जागी घेऊ नका. पावसाच्या ऋतूतली वाऱ्याची दिशा पाहा आणि शेकडो किलोमीटर पलीकडची केंद्रं घ्या.

उन्हाळझळ

सर्वांचे आभार. जंगलातलं केंद्र शेतापेक्षा १२० मीटर उंचावर निघालं, म्हणजे १ अंशातले जवळपास ०.८ तिथेच गेले. पाऊस अहवालातून काढतोय. आता उरलेला ०.२ मोजमापाच्या चुकीतच बसतोय. तो छापावा का?

वातकुक्कुट

आधी उपग्रहाच्या ८ मधूनही उंचीचे ते ०.८ वजा करा. मग ०.२ छापा, पण शेजारी त्रुटीची मर्यादा लिहून. तापमापकाची अचूकता अर्धा अंश असेल तर "हवेच्या तापमानात खात्रीने सांगता येईल असा फरक आढळला नाही" हे वाक्य पुरे. आणि रोजच्या सरासरीऐवजी दिवसाचं कमाल आणि रात्रीचं किमान वेगवेगळं करून बघा; एक वर, एक खाली असं निघालं तर रोजच्या सरासरीत ते एकमेकांना खाऊन टाकतं.