मदत हवी आहे: आजाराबद्दल भाच्याशी कसं बोलावं?

मी नेरुळची. ताईला कॅन्सर आहे, डॉक्टरांनी आता फारशी आशा दिलेली नाही. भाचा 14 वर्षांचा. रोज रात्री तिच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत मुकाट्याने लावतो, विचारत काहीच नाही. घरचे म्हणतात, त्याला कशाला सांगायचं? मला हे अजिबात पटत नाही. हार्वर्डच्या अभ्यासात विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या 125 मुलांना भेटून पाहिलं, की मागे राहिलेला पालक कसा सावरतो यावर मुलाचं सावरणं बरंच अवलंबून असतं. म्हणून समुपदेशकाकडे भाऊजींनाही सोबत न्यायचंय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, पण समोर बसून बोलणारं माणूस हवंय. नवी मुंबई-ठाण्यात बापलेकांशी मराठीत बोलणारे समुपदेशक कुणाला माहीत आहेत का? प्लीज, अनुभवाचेच सांगा.