गायतोंडे आणि रॉथको: प्रभाव नेमका कुणाचा?

चित्रवेडा:
चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्यावर विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहायचं आहे. जिथे तिथे 'भारताचे रॉथको' (अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथको) हेच वाचायला मिळतं. न्यूयॉर्कला जाऊन आल्यावर ते अमूर्ताकडे वळले, हे खरं का? आणि परदेशात त्यांची दखल कधीपासून घेतली गेली?

सांजरंग:
खरं नाही. सनावळी मांडून बघा. रॉकफेलर फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले १९६४ साली. टोकियोतल्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं पारितोषिक त्यांना १९५७ सालीच मिळालं होतं, आणि १९६२ चं 'पेंटिंग ४' १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात होतं. आकृती त्यांच्या चित्रांतून त्याआधीच गेल्या होत्या.

प्रभाव लिहायचेच तर आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले दिवस (पदविका १९४८) आणि भारतीय लघुचित्रांतले सपाट, भरीव रंग. मग युरोपातला चित्रकार पॉल क्ले. १९५० च्या दशकातल्या कामांतली रेघ आणि बारीक चिन्हं पाहिलीत तर हे पटेल. नंतर झेन (ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ), आणि रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांचं चिंतन. रॉथको या यादीत बराच खाली येतो.

अस्तर:
सांजरंग यांच्याशी सहमत. गोंधळाचं मूळ मला छापील चित्रांत दिसतं. छपाईत आणि मोबाईलवर पोत मरतो, उरतं रंगाचं धुकं, आणि मग दोघे सारखे वाटतात. प्रत्यक्षात रीत वेगळी. रॉथको पातळ रंगाचे थर ब्रशने चढवत जातो. गायतोंडे तैलरंग रोलरने पसरवायचे, पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) खरवडायचे. शिवाय वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलायचे. कागद उचलला की काही रंग त्याच्यासोबत निघतो आणि खालचा थर डोकावतो. ती अक्षरांसारखी वाटणारी चिन्हं बरीचशी अशी उमटलेली आहेत. लिपी म्हणून वाचायला जाऊ नका.

मूळ चित्र पाहायला मिळालं तर समोर उभं न राहता बाजूने, तिरप्या उजेडात बघा. कागदाच्या कडेची उंचावलेली रेघ दिसते.

चित्रवेडा:
मग लिलावातले कोटींचे आकडे टिपणात कुठे घालू?

सांजरंग:
शेवटी, एका ओळीत. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटींना गेलं, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, पुढे ते प्रदर्शन व्हेनिसलाही गेलं. पण चित्रकार २००१ सालीच वारले होते. बाजाराचं उशिराचं कौतुक आणि साठच्या दशकातली संग्रहालयांची दखल एकाच परिच्छेदात कालवू नका.

अस्तर:
एक राहिलं. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास थांबले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान कामं केली. झेनचा धागा दाखवायला तीच सगळ्यात सोयीची, आणि छपाईत त्यांचं फारसं नुकसानही होत नाही.