निकलोडियनचा नारिंगी स्प्लॅट: २००९ ला का गेला आणि २०२३ ला नेमकं काय परत आलं?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. ब्रँडिंगच्या पेपरसाठी मी निकलोडियन या लहान मुलांच्या अमेरिकन टीव्ही चॅनलचे लोगो निवडलेत. १९७९ पासूनचे सगळे एका ओळीत लावले आणि तिथेच गाडी अडली. पहिले दोन-तीन तर एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. मग १९८४ ला नारिंगी स्प्लॅट, म्हणजे रंग उडून पडल्यासारखा डाग, येतो, पंचवीस वर्षं टिकतो, आणि २००९ ला एकदम नुसती अक्षरं. २०२३ ला पुन्हा स्प्लॅट! चांगला चाललेला लोगो काढला कशाला, आणि काढलाच तर परत का आणला? "काळाची गरज" हे उत्तर सगळीकडे मिळतं, पण त्यानं समाधान होत नाही. इथे लोगोचं काम करणारी माणसं आहेत म्हणून विचारतेय.

ठसा

रेघोट्या, प्रश्न फार आवडला. हा लोगो माझ्या अतिशय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

सुरुवातीचे लोगो आधी हातावेगळे करू. हे चॅनल १ डिसेंबर १९७७ ला ओहायोतल्या कोलंबसमध्ये, वॉर्नरच्या 'क्यूब' केबल सेवेवर 'पिनव्हील' या नावानं सुरू झालं. १ एप्रिल १९७९ ला ते निकलोडियन नावानं अमेरिकाभर गेलं. नाणं टाकून हलती चित्रं बघायच्या जुन्या यंत्रात वाकून बघणारा माणूस आणि मागे मोठा 'एन', हा पहिला लोगो. चित्र सुबक आहे, पण १९७९ सालच्या लहान मुलाला ते यंत्र कुठून माहीत असणार? १९८१ ला पिनबॉलचा चकचकीत रुपेरी गोळा आला, त्यावर इंद्रधनुषी अक्षरं. दिसायला झगमगीत, पण चॅनलचा स्वभाव काही त्यातून कळत नाही.

१९८४ पर्यंत चॅनल चांगलंच तोट्यात होतं. तेव्हा सूत्रं जेराल्डिन लेबॉर्न यांच्याकडे आली. एमटीव्हीची ओळख घडवण्यात ज्यांचा हात होता त्या फ्रेड सायबर्ट आणि अ‍ॅलन गुडमन यांना बोलावलं गेलं, आणि त्यांनी टॉम कोरी आणि स्कॉट नॅश या डिझायनरांना सोबत घेतलं. एमटीव्हीच्या 'एम'चा रंग आणि पोत सतत बदलायचा, आकार मात्र कायम. निकलोडियनसाठी त्यांनी हेच गणित उलटं मांडलं. रंग कायम, आकार मोकळा.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. १९८४ चा लोगो म्हणजे 'तो स्प्लॅट' नव्हेच. तो एक नियम होता: सपाट नारिंगी आकार घ्या, त्यावर पांढरी अक्षरं बसवा, बस्स. मग तो आकार रंगाचा फुगा भिंतीवर फुटावा तसा असो, नाहीतर पावलाचा ठसा, हाड, मासा, ढग, रॉकेट, ब्लिंप (लांबट फुग्यासारखं हवाई जहाज), काहीही. असे शेकडो आकार झाले. निकलोडियनच्याच किड्स चॉइस अवॉर्डची ट्रॉफी बघा, ते नारिंगी ब्लिंप म्हणजे याच आकारांपैकी एक.

अक्षरं नीट बघितलीत का? तो 'बलून' टाइप, मॅक्स कॉफमन यांनी १९३९ मध्ये अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी केलेला. ब्रशनं झरझर लिहिल्यासारखा, टोकं गोल. वर अक्षरं एका रेषेत बसवलेलीच नाहीत, एक वर तर दुसरं खाली, आणि एकमेकांना खेटून. त्यामुळे खालचा आकार कितीही बदलला तरी शब्द लगेच ओळखू येतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी अक्षरं हातानं झाकून बघायला सांगतो, मग आकार झाकून. दोन्ही वेळा चॅनल ओळखतात. नारिंगी रंगाचं तर विचारूच नका. नव्वदच्या दशकात त्यांच्या व्हिडिओ कॅसेटचं प्लास्टिकसुद्धा नारिंगी यायचं, काळ्या कॅसेटच्या रांगेत लांबूनच दिसायची.

कोरा कागद

ठसा, माहिती उत्तम, पण २००९ बद्दल सांगायचं राहिलं. मला तो बदल योग्यच वाटतो. एव्हाना ते एक चॅनल राहिलं नव्हतं. २८ सप्टेंबर २००९ ला नवा लोगो आला, त्याच दिवशी त्यांच्याच नॉगिन या चॅनलचं 'निक ज्युनियर' झालं आणि 'द एन'चं 'टीननिक'. निकटून्स वेगळंच. प्रत्येकाचा लोगो निराळ्या वळणाचा, त्यात मुख्य चॅनलचा आकार रोज बदलणारा. ही सगळी एकाच घरची आहेत हे प्रेक्षकाला कळायचं कसं? डिझायनर एरिक झिम यांची ती गोलसर, इंग्रजी लहान लिपीतली (स्मॉल) अक्षरं सगळ्या चॅनलना बसली. जुन्या आठवणींपोटी आपण त्या लोगोवर अन्याय करतो.

ठसा

कोरा कागद, अडचण खरी होती, ती मी नाकारत नाही. अक्षरंही सफाईदार आहेत, गोलाई कुठे लटपटत नाही. रंगही त्यांनी सोडला नाही, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण घर एक आहे हे दाखवायला नारिंगी रंग आणि एकच अक्षरवळण पुरलं असतं. निक ज्युनियरचा जुना लोगो आठवा: एक मोठा नारिंगी आकार, शेजारी छोटा निळा, जणू पालक आणि पिल्लू. तेसुद्धा कधी प्राणी व्हायचे, कधी आणखी काही. नियम तोच, फक्त लहान मुलांसाठी हळुवार केलेला. एका कुटुंबाचे लोगो यापेक्षा चांगले कसे करणार? ते पुसून सगळ्यांना एक गणवेश घातला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिवाय एक निव्वळ तांत्रिक गोष्ट. इंग्रजीत 'निकलोडियन' अकरा अक्षरी आहे. टीव्हीवर आडवी पट्टी चालून जाते. फोनवरच्या चौकोनी चिन्हात ती टाकून बघा, केसाएवढी रेघ उरते, नाहीतर नाव तोडून नुसतं 'निक' लिहावं लागतं. चौफेर हात पसरलेला स्प्लॅट तोच चौकोन आपसूक भरतो. २०२३ ला तो परत येण्यात आठवणींचा वाटा असेलच, पण कामाच्या दृष्टीनं मला हे कारण जास्त पटतं.

रेघोट्या

म्हणजे २०२३ ला १९८४ चाच लोगो परत आला असं लिहू का?

ठसा

नका लिहू. मार्च २०२३ च्या किड्स चॉइस अवॉर्डमध्ये नवा स्प्लॅट दिसला, रॉजर या स्टुडिओचं काम. त्यावरची अक्षरं बघा: 'बलून' नाही, २००९ च्याच वळणाची लहान लिपी आहे. म्हणजे आकार जुन्या घरातला आणि अक्षरं नव्या घरातली. पडद्यावर तो स्प्लॅट ओघळतो, ताणतो, उसळतो, ते बघायला मजा येते. पण अधिकृत लोगो म्हणून डाग एकच ठरलेला आहे. हाड, मासा, पाऊल यांची ती मोकळीक परतलेली नाही.

आणि तुमच्या स्लाइडबद्दल एक सुचवतो. सगळे लोगो एका ओळीत लावलेत ना, तिथेच १९८४ ची गोष्ट हरवते, कारण पंचवीस वर्षांसाठी एकच स्प्लॅट उभा राहतो. त्या जागी एका चौकोनात पंधरा-वीस निरनिराळे आकार दाटीवाटीनं भरा, सगळे नारिंगी, सगळ्यांवर तीच अक्षरं. शेजारी २००९ आणि २०२३ चे एकेक ठेवा. वर्गात हे लावलंत की चर्चा आपोआप सुरू होईल.

रेघोट्या

हे एकदम पटलं. आजच स्लाइड बदलते. कोरा कागद, घर एक दाखवण्याचा तुमचा मुद्दाही घेतेय, सर नक्की त्यावरच प्रश्न विचारतील.