प्रवास करून 'स्वतःचा शोध' लावणारे पिक्चर धार्मिक लोकांना का खटकतात?

खारघरची_सून:
ईट प्रे लव्ह (२०१०) परवा परत लावला होता, ज्युलिया रॉबर्ट्सवाला. डिव्होर्स, मग इटलीत खाणं, भारतात आश्रम, बालीत प्रेम. मला आवडतो बाबा. पण सासूबाई दरवर्षी वारीला जातात, त्या अर्धा बघून उठल्या, म्हणे सगळं मी मी मी, यात देव कुठंय? खरंच एवढं खटकण्यासारखं आहे का त्यात?

कळव्याचा_टाळकरी:
सासूबाईंना माझा दंडवत सांगा 😄
तुकोबांनी आधीच विचारून ठेवलंय, 'जाऊनियां तीर्था काय तुवां केलें, चर्म प्रक्षाळिलें वरीवरी'. म्हणजे नुसतं फिरून माणूस बदलतो असं आमच्यात कोणी धरूनच चालत नाही. दिवे घाट चढताना पोटऱ्या भरून आलेल्या, टाळ हातात, मागून ढकलाढकली, त्यात कसला आलाय शोध, शेजारच्याला माऊली म्हणायचं आणि त्याच्या पाया पडायचं, मग तो कोण का असेना. पंढरपुरात गर्दी असली तर कळसाचं दर्शन घेऊन परत फिरायचं. आणि पुढच्या वर्षी पुन्हा जायचंच. पिक्चरवाल्यांचं एका ट्रिपमध्ये सगळं आटपतं, मला तेच पटत नाही.

मुंब्रा_लोकल:
हजचं पण बघा ना, ऐपत असेल त्याच्यावरच फर्ज आहे. देणी असतील तर आधी ती फेडा, आपण येईपर्यंत घरच्यांच्या खर्चाची सोय करून ठेवा, मग निघा. या पिक्चरच्या मूळ लेखिकेचा प्रवास प्रकाशकाने दिलेल्या ॲडव्हान्सवर झालेला, ते पिक्चरवाले कुठे सांगतात.

ठाणे_ईस्ट_इंडियन:
सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका हां. द वे बघा, तोही २०१०चाच, मार्टिन शीन आहे आणि डायरेक्टर त्याचाच मुलगा. डोळ्यांचा डॉक्टर असलेला बाप, मुलगा स्पेनच्या कामिनोवर, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पायी यात्रेच्या वाटेवर, चालायला जातो आणि सुरुवातीलाच वादळात मरतो, मग बाप त्याची राख सॅकमध्ये घालून तीच वाट चालतो आणि थांब्याथांब्यावर मूठभर ठेवत जातो. तो काही स्वतःला शोधायला निघालेला नाही, मुलासाठी चालतोय. गंमत म्हणजे आम्हा कॅथलिकांना नेमकं तेच चालत नाही! दहनाला १९६३ पासून परवानगी आहे, पण राख विखरायची नाही, पवित्र जागीच ठेवायची, हे व्हॅटिकनने २०१६ला परत बजावलंय. नियम मला माहीत होता, तरी रडलो.

खारघरची_सून:
@ठाणे_ईस्ट_इंडियन अय्या, आम्हाला तर अस्थी नदीत सोडल्याशिवाय चैन पडत नाही, सासूबाईंना हा नक्की चालेल. फक्त त्यांना इंग्रजी जमत नाही, हिंदी डबिंग असेल तर सांगा ना प्लीज, नाहीतर मलाच शेजारी बसून सांगत बसावं लागेल.