स्पॉट मशीनचा भाव हलत नाही, तरी मशीन का जातं?

सड्यावरचा (देवगड)
हापूसच्या बागांचे ड्रोन-फोटो जोडायला ६४ जीबी मेमरीचं स्पॉट मशीन (क्लाउड कंपनीचं रिकामं मशीन, स्वस्तात भाड्याने, पण ती मध्येच परत घेऊ शकते) घेतो. एका बागेला ६ तास. भावाची ९० दिवसांची रेघ सपाट आहे, तरी मशीन मध्येच काढून घेतलं जातं. कमाल भाव वाढवला तर टिकेल का?

जेटीवरून
नाही टिकणार. एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) धरून सांगतो. २००९ साली स्पॉट आलं तेव्हा खरीच बोली होती, मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीची लागते तशी. भाव तुमच्या बोलीच्या वर गेला की मशीन गेलं. मग लोक ऑन-डिमांडच्या (पूर्ण दराच्या, मध्येच न जाणाऱ्या मशीनच्या) कैक पट बोली लावून ठेवायचे आणि चार जणांनी तसं केलं की भावही तिथवर चढायचा. २०१७ च्या अखेरीस हे बदललं. आता भाव दीर्घ मुदतीच्या मागणी-पुरवठ्यावर सावकाश सरकतो. मशीन जातं ते बहुधा पूर्ण दर देणाऱ्याला जागा हवी झाली म्हणून, आणि ते त्या रेघेत दिसतच नाही. कमाल भाव रिकामा सोडा, ऑन-डिमांडचा दर धरला जातो. कमी टाकलात तर मशीन जायला आणखी एक कारण.

खाडीपलीकडे
एकाच प्रकारावर अडून बसू नका. प्रत्येक मशीन-प्रकार आणि प्रत्येक झोन (रीजनमधला डेटा सेंटरांचा वेगळा गट) मिळून एक वेगळा पूल, म्हणजे रिकाम्या मशीनचा साठा. मुंबई रीजनमध्ये ३ झोन. आर५, आर५ए, आर६आय यांचं २एक्सलार्ज आणि एम५.४एक्सलार्ज, चौघांतही ६४ जीबी. झाले जास्तीत जास्त १२ पूल. आर६जी स्वस्त दिसेल, पण त्याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा, एआरएम; तुमचं एक्स८६ (इंटेल-एएमडी प्रोसेसरचं) सॉफ्टवेअर त्यावर उठणारच नाही. कोणत्या पूलमधून मशीन घ्यायचं त्या वाटपाच्या सेटिंगमध्ये ‘सर्वांत कमी भाव’ निवडू नका, भाव आणि उपलब्धता दोन्ही बघणारा पर्याय घ्या.

हमखास फसगत डिस्कची. ईबीएस (एडब्ल्यूएसच्या मशीनला जोडायची डिस्क) झोनला बांधलेली असते, नवं मशीन दुसऱ्या झोनमध्ये आलं तर जोडता येत नाही. म्हणून प्रत्येक टप्पा संपला की निकाल एस३ वर (झोनला न बांधलेली फाइल-साठवण) ठेवा. मशीन जाण्याची सूचना २ मिनिटं आधी मिळते, त्यासाठी दर ५ सेकंदांनी मेटाडेटा (मशीनला स्वतःबद्दल मिळणारी माहिती) तपासा. पण २ मिनिटांत ४० जीबी हलवायची आशा नको.

सड्यावरचा (देवगड)
शेवटचा टप्पा एकटाच ४ तासांचा आहे.

जेटीवरून
मग बागेचे तुकडे पाडा, तासाभरात उरकतील असे. कडेला थोडे फोटो दोन्हीकडे ठेवा, नाहीतर सांधा दिसतो. नाही जमलं तर हिशोब करा: ऑन-डिमांड १०० धरलं आणि स्पॉट ३५ ला मिळालं, तर सगळं काम दोनदा केलं तरी ७०. तिसऱ्या खेपेला १०५.