मदत हवी आहे : थंडीत मळ्यातील विहिरीची मोटार पाणी सोडते आणि वडिलांना मध्यरात्री उठावे लागते

नमस्कार. मी भांडुपला राहते. माझे आई-वडील जुन्नर तालुक्यात ओतूरच्या पुढे मळ्यातील घरात राहतात. आप्पांचे वय ७२ आणि आईचे ६६ आहे. मी एकुलती मुलगी असल्याने महिन्यातून दोनदा कल्याणहून माळशेज घाटमार्गे जाणाऱ्या एसटीने तिकडे जाते. मात्र ज्या अडचणीविषयी लिहीत आहे ती रात्री एक-दीड वाजता उद्भवते, आणि त्या वेळी मी तेथे क्वचितच असते.

आमच्या विहिरीवर पाच एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक मोटार (मोटार आणि पंप एकत्र जोडलेली) आहे. ती काठावरच्या ठोकळ्यावर, पत्र्याच्या कोठीत बसवलेली आहे. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. दिवसाच्या आठवड्यात काहीच प्रश्न नसतो. रात्रीच्या आठवड्यात मात्र आप्पांना कानटोपी, मफलर आणि घोंगडी घेऊन बाहेर पडावे लागते. कांदा लावून महिनाही झालेला नाही, गहू ओंबीवर येत आहे, आणि घरची व दोन गाईंची पाण्याची टाकीही त्याच मोटारीने भरते. त्यामुळे एक पाळी चुकवून चालत नाही.

डिसेंबर उजाडेपर्यंत मोटार बटण दाबले की पाणी उचलत होती. आता ती पाणी सोडते. बंद केल्यावर काही तासांतच सक्शन पाइपमधील (विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाइपमधील) पाणी विहिरीत उतरते आणि पुढच्या वेळी पंप भरल्याशिवाय ती नुसतीच फिरते. मागच्या खेपेस मी आप्पांबरोबर रात्री गेले होते, म्हणून हे काम किती अवघड आहे ते मला डोळ्यांनी पाहता आले. त्यांनी पंपाच्या डोक्यावरचा नट पान्याने काढला, नरसाळे लावले आणि घरून आणलेली कळशी हळूहळू ओतली. पाणी काठोकाठ आले, बुडबुडे थांबले, असे वाटेपर्यंत पातळी पुन्हा खाली गेली. दुसरी कळशी, मग तिसरी. बॅटरी माझ्या हातात होती आणि तिच्या उजेडात त्यांची बोटे थरथरताना दिसत होती. नट परत आवळताना तो आट्यांवर बसत नव्हता, कारण बोटांना त्याचा स्पर्शच कळत नव्हता. कोठीतल्या तापमापकावर तेव्हा ८ अंश होते. मुंबईत २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंश ही आजवरची नीचांकी नोंद झाली आणि त्या थंडीची आठवण आजही काढली जाते, पण आमच्या मळ्यात जानेवारीच्या कित्येक रात्री तशाच असतात.

आप्पांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. अंथरुणाच्या उबेतून एकदम अशा गारठ्यात गेल्यावर रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो, हे डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले आहे. त्यात आमचा भाग बिबट्यांचा आहे. जुन्नर वनविभागात ऊस हीच बिबट्याची दडण्याची जागा झाली आहे, आणि हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की तो उसाबाहेर पडून वस्त्यांच्या जवळ फिरतो. माणिकडोहला बिबट्या निवारण केंद्र आहे ते उगाच नव्हे. आमच्या विहिरीपासून शेजारच्या उसाचा बांध शंभर पावलांवर आहे. आई रात्री ओट्यावर उभी राहून दर थोड्या वेळाने हाक मारते आणि आप्पांनी ओ दिल्याशिवाय आत जात नाही.

“पाणी भरायला गडी लावा” हा सल्ला कृपया देऊ नये. रात्रीच्या पाण्याला गडी मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याच्याही जिवाला तोच धोका आहे. “थंडीत पाणीच देऊ नका” हेही आप्पांना पटणार नाही, आणि त्यांचे म्हणणे मला बरोबर वाटते. कडाक्याच्या रात्री पिकाला हलके पाणी दिले तर जमिनीतील ऊब टिकते. विहिरीचे पाणी हवेपेक्षा बरेच उबदार असते. पहाटे विहिरीतून वाफ निघताना दिसते आणि पाटात हात घातला तर पाणी कोमट लागते.

आतापर्यंत काय केले तेही सांगते. गेल्या महिन्यात पोहणाऱ्या माणसाला उतरवून फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या तळाशी असणारा, पाणी मागे उतरू न देणारा भाग; आप्पा त्याला फुटबॉल म्हणतात) वर काढला. त्याच्या झडपेत शेवाळ आणि बारीक खडा अडकलेला होता. तो साफ करून बसवल्यावर आठ दिवस मोटार व्यवस्थित चालली, मग पुन्हा तेच सुरू झाले. लाइट येताच मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच लावण्याचा विचार केला होता. परंतु पंपात पाणी नसताना मोटार आपोआप सुरू झाली तर सील जळण्याची भीती आहे. शिवाय लाइट येताच सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) भार येतो, म्हणून ऑटो स्विच लावू नका असे सांगितलेही जाते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेची चौकशी केली. ती पारंपरिक वीजजोडणी नसलेल्या शेतकऱ्यांसाठी आहे आणि आमच्याकडे जोडणी जुनीच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून फीडरला (शेतीपंपांच्या वीजवाहिनीला) दिवसा वीज मिळू लागली की हा प्रश्न मुळातूनच सुटेल, पण आमच्या फीडरवर ते काम होईपर्यंतचे हिवाळे कसे काढायचे हा माझा प्रश्न आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मोटार फक्त थंडीतच पाणी का सोडते? पंप भरण्याचे काम कमी करण्याची काही सोपी सोय आहे का? मोटार बदलायचीच झाली तर कोणती घ्यावी? आप्पांचा पाण्यातल्या मोटारीला विरोध आहे. “मोनोब्लॉक बिघडली तर मी बसल्या जागी खोलतो, पाण्यात टाकली की ती डोळ्याआड झाली,” असे ते म्हणतात. मोटारी दुरुस्त करत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांचे हे म्हणणे मला सहज बाजूला सारता येत नाही.

प्रतिसाद :

ताई, थंडीचा आणि मोटारीचा थेट संबंध नाही, संबंध पाण्याच्या पातळीचा आहे. काठावरची मोटार पाणी खेचते म्हणजे प्रत्यक्षात हवेचा दाब ते पाइपात वर ढकलतो. तो दाब सिद्धांताप्रमाणे सुमारे ३३ फुटांपर्यंत पाणी चढवू शकतो, पण व्यवहारात पाइपमधील घर्षण वगैरे वजा जाता २० ते २२ फुटांच्या पुढे भरवसा नसतो. तुमचा भाग समुद्रसपाटीपासून बराच उंच असल्याने तेथे ही मर्यादा आणखी थोडी घटते. दिवाळीत विहीर तुडुंब असते म्हणून काही जाणवत नाही. पौष येईपर्यंत पाणी खाली गेले की पाइपमधील ओढ वाढते, आणि एरवी न जाणवणारी बारीक गळतीही हवा आत घेऊ लागते.

म्हणून आधी दोरीला दगड बांधून मोटारीच्या ठोकळ्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा. नंतर दिवसाच्या आठवड्यात पंप भरून, मोटार सुरू न करता, नरसाळ्यातील पातळीकडे अर्धा तास पाहा. पातळी उतरत गेली तर दोष फूटव्हॉल्व्हचा किंवा विहिरीत उतरलेल्या पाइपचा. पातळी तशीच राहिली, पण मोटार चालू केल्यावर पाणी धापा टाकत येऊ लागले, तर वरच्या जोडातून किंवा ग्लँडमधून (पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलमधून) हवा शिरते आहे, नाहीतर अंतरच मर्यादेबाहेर गेले आहे. दोन्ही बिघाड एकत्रही असू शकतात. फूटव्हॉल्व्ह साफ करून आठच दिवस चालला याचा अर्थ झडपेचे चामडे किंवा रबर गेलेले असावे. तो नवाच घ्या आणि तळापासून तीन-चार फूट वर ठेवा, म्हणजे गाळ ओढला जाणार नाही.

पंप भरण्यासाठी कोठीत मोटारीपेक्षा उंचावर दोनशे लिटरचा ड्रम ठेवा. डिलिव्हरी पाइपला (पंपातून पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपला) टॅप मारून त्याची नळी ड्रममध्ये सोडली की मोटार चालू असताना ड्रम भरून राहतो. ड्रमच्या बुडातून कॉक लावलेली दुसरी नळी पंपाच्या भरायच्या तोंडाला कायमची जोडा, आणि हवा निघायला वर एक लहान कॉक ठेवा. मग कळशी नको, नरसाळे नको, आणि अंधारात नट शोधणेही नको. दोन कॉक फिरवले की काम झाले. पंप भरला की दोन्ही बंद करायला मात्र विसरू नका, नाहीतर तेथूनच हवा शिरेल.

प्रतिसाद :

वरचे सर्व योग्य आहे. मी एवढेच सुचवेन की घरचे पाणी शेतीच्या मोटारीपासून आधी वेगळे करा. वस्तीवरच्या घराला सिंगल फेज लाइट बहुतेक वेळ असते. एक एचपीची सिंगल फेज ओपनवेल सबमर्सिबल विहिरीत सोडली तर टाकी अर्ध्या तासात, दिवसाउजेडी भरते. ती पाण्यातच असल्याने पंप भरण्याचा प्रश्न येत नाही. आप्पांना तिचा अनुभव येऊ द्या, मोठ्या मोटारीचे ते स्वतःच ठरवतील. नायलॉनच्या दोरीवर टांगली तर ती वर काढायला पोहणारा लागत नाही. आणि स्टार्टरजवळ रबरी मॅट आणि चांगली अर्थिंग असू द्या. दवाने भिजलेल्या पायांनी, ओल्या हातांनी स्टार्टरला हात लावणे थंडीपेक्षा घातक आहे.

धागाकर्तीचे उत्तर :

दोघांचेही मनापासून आभार. काल आप्पांना फोनवर वाचून दाखवले. आज सकाळी त्यांनी दोरी सोडून मोजले, तर ठोकळ्यापासून पाणी साडेचोवीस फुटांवर निघाले. दिवाळीत ते नऊ फुटांवर होते असे त्यांना आठवते. नरसाळ्यातील पातळीही वीस मिनिटांत दिसेनाशी झाली. म्हणजे दोन्ही दोष आहेत.

या शनिवारी नवा फूटव्हॉल्व्ह, दोन कॉक, नळी आणि रबरी मॅट घेऊन मी पहाटेच्या गाडीने निघत आहे. ड्रम घरीच आहे. घरच्या पाण्याची वेगळी मोटार आईने लगेच मान्य केली, कारण रात्रीच्या आठवड्यात टाकी संपली की गाईंसाठी तीच शेजारच्या वस्तीवरून हंडे आणते. आप्पा त्यावर काही बोलले नाहीत, पण केबल किती फूट लागेल हे त्यांनी विचारले.

राहिला मोठ्या मोटारीचा प्रश्न. विहिरीला आतून पंधरा फुटांवर दगडी टप्पा आहे. मोनोब्लॉक उन्हाळ्यापर्यंत त्या टप्प्यावर उतरवली तर ओढ साडेनऊ फुटांवर येईल आणि आप्पांची मोटार त्यांच्या डोळ्यांसमोर राहील. मृगाआधी ती चेनपुलीने परत वर घ्यावी लागेल. असे कोणी केले असल्यास एक सांगावे : पाच एचपीच्या मोटारीचा हादरा चुन्यात बांधलेल्या जुन्या टप्प्याला सोसतो का, की खाली लोखंडी गर्डर टाकून त्यावर बसवावी? विहीर आप्पांच्या वडिलांनी बांधलेली आहे आणि टप्प्याचे दोन दगड हलतात.