प्रतिसाद: कॅसेट मेलेली नसते, हेड तिरकं असतं

स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरवर गेम कॅसेटवरून लोड व्हायचे. जुन्या कॅसेटवरचं चुंबकत्व उडून गेलं म्हणून ते लोड होत नाहीत, व्हॉल्यूम फुल करून पाहा, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय; ते फारसं पटत नाही. बहुतेक वेळा दोष प्लेअरच्या हेडचा, म्हणजे टेपवरून सिग्नल वाचणाऱ्या भागाचा असतो. या मशीनमध्ये कॅसेटवरचा डेटा आवाजाच्या रूपात असतो: १ चा बिट साधारण १ किलोहर्ट्झचा आणि ० चा बिट २ किलोहर्ट्झचा. हेड जरा तिरकं झालं की आधी वरच्या पट्टीतला आवाज बसतो, म्हणजे शून्यंच गळतात. म्हणून लोड होताना स्क्रीनच्या कडेला सुरुवातीच्या सुराचे लाल-आकाशी पट्टे व्यवस्थित येतात (तो सूर ८०० हर्ट्झच्या आसपासचा), पण डेटाचे निळे-पिवळे सुरू झाले की 'आर टेप लोडिंग एरर'!

हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला स्क्रू असतो. त्याची मूळ जागा मार्करने खुणावून ठेवा, कॅसेट चालू ठेवा आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी थोडा थोडा फिरवा. आवाज सर्वांत कर्कश येईल तिथे थांबायचं. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय टोकाचा नको. स्टिरिओ डेक असेल तर एकाच चॅनेलवरून सिग्नल घ्या, कारण तिरक्या हेडवर दोन्ही एकत्र केले की वरचा आवाज आणखी मार खातो. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद, ट्रेबल पूर्ण, व्हॉल्यूम पाऊणएक. वर सुचवलाय तसा व्हॉल्यूम फुल करून सिग्नल फाटतो, दुसरं काही होत नाही. आणि लोड करताना माइकची (सेव्ह करताना लागणारी) वायर काढलेलीच बरी. आपल्याकडच्या डीबी स्पेक्ट्रम प्लसलाही (स्पेक्ट्रमची भारतातली आवृत्ती) हेच लागू. एकदा नीट लोड झालं की लगेच वेव्ह फाइल करून ठेवा, एमपी३ नको.